आकडा नाचायचा थांबेपर्यंत

उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की पडद्यावरचा आकडा लगेच बसत नाही. पुढची चाकं चढली की एक आकडा, मागची ट्रॉली आली की दुसरा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी गाडी हेलकावते आणि आकडा वर-खाली नाचत राहतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका काट्यावर मी गाळप हंगामात रात्रपाळीला बसलो होतो. आम्ही लिहीत असलेला वजनाचा प्रोग्राम तिथं चालणार होता आणि माणसं तो कसा वापरतील ते मला बघायचं होतं. केबिनमधल्या काटा क्लार्कना सगळे अण्णा म्हणायचे. मी आपला मोबाईलवर सेकंद मोजत होतो, आकडा बसायला तीन लागतात की चार. अण्णांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ काय बघूलास गा? आकडा नाचूलाय की अजून. तो थांबला की झालं."

मी मान डोलावली, बेळगावला परत आलो आणि पुढचे तीन आठवडे घड्याळच बघत बसलो.

आमचा प्रोग्राम तसा साधा. खिडकीत मोठ्या अक्षरात वजन, खाली 'वजन घ्या' आणि 'पावती छापा' अशी दोन बटणं. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, म्हणजे वरचा भार मोजणारे तुकडे, असतात. त्यांच्याकडून आलेलं वजन इंडिकेटरच्या डब्यात दिसतं आणि तिथून सिरियल केबलनं कॉम्प्युटरला मिळतं, सेकंदाला बऱ्याचदा. प्रोग्रामचा एक भाग मागं बसून हे आकडे वाचतो. सलग दोन सेकंद आकडा हलला नाही की तो 'वजन स्थिर' असा सिग्नल देतो, आणि खिडकी तो ऐकून आकडा दाखवते. हे सगळं पायथॉन या भाषेत, क्यूट वापरून. क्यूट म्हणजे खिडक्या, बटणं वगैरे बनवायचं तयार सामान. नॉर्वेतल्या दोघांनी ते सुरू केलं, १९९५ मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं, आणि सिग्नल-स्लॉट ही त्याची सगळ्यात गाजलेली कल्पना. सिग्नल म्हणजे दवंडी. देणाऱ्याला कोण ऐकतंय याच्याशी देणंघेणं नसतं. ऐकून जे फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा जो तुकडा, चालतं तो स्लॉट.

आता टेस्ट. टेस्ट म्हणजे माणसाऐवजी बटणं दाबणारा आणि निकाल तपासणारा दुसरा प्रोग्राम. माणूस बटण दाबतो, पडद्याकडं बघतो, आकडा दिसेपर्यंत थांबतो. त्या थांबण्याला तो थांबणं म्हणतसुद्धा नाही. टेस्टला तेवढी समज कुठली? तिनं बटण दाबलं, बटणाचं फंक्शन लगेच परत आलं, पुढची ओळ आली: 'वजन २४,३६० आहे का?' पडद्यावर अजून शून्य. टेस्ट फेल. काम सुरू करणारी ओळ संपली म्हणजे काम संपलं असं होत नाही. असिंक्रोनस या भारदस्त शब्दाचा अर्थ इतकाच.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. दोन ओळींच्या मध्ये 'तीन सेकंद झोप' असं लिहिलं, म्हणजे पायथॉनचा साधा स्लीप. टेस्ट फेल. दहा सेकंद केले, फेल. चिडून तीस केले, चहा घेऊन आलो, तरी लाल, म्हणजे फेलच; पास झाली तर हिरवी दिसते. लॉग, म्हणजे प्रोग्रामनं लिहिलेली नोंद, उघडून बघितली तर वजन दुसऱ्याच सेकंदाला वाचून झालेलं, सिग्नलसुद्धा दिलेला. पण खिडकीवर शून्य ते शून्यच.

इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण बहुतेक जणांचा घोळ इथंच होतो.

काट्याची केबिन डोळ्यांपुढं आणा. आत एकटे अण्णा. खिडकीखाली एक ट्रे. बाहेरचा पोऱ्या काट्यावर जाऊन आकडा बघून येतो, चिठ्ठीवर लिहून ट्रेमध्ये टाकतो आणि परत जातो. अण्णा एकेक चिठ्ठी उचलतात, फळ्यावर आकडा लिहितात, पुढची उचलतात. ड्रायव्हर बेल वाजवतो, तीही चिठ्ठीच. पंखा फिरवायचा, तीही चिठ्ठीच. चिठ्ठी उचला, काम करा, पुढची उचला, या चक्राला इव्हेंट लूप म्हणतात. खिडकी, बटणं, अक्षरं यांना हात लावायचा हक्क एकट्या अण्णांना. पोऱ्या फळ्यावर कधीच लिहीत नाही, त्याची धाव ट्रेपर्यंत. प्रोग्राममध्ये एकाच वेळी आपापलं काम करणाऱ्या अशा हातांना थ्रेड म्हणतात. क्यूटमध्ये अण्णा म्हणजे मुख्य थ्रेड, पोऱ्या म्हणजे मागं बसून काटा वाचणारा थ्रेड. एका थ्रेडनं दिलेला सिग्नल दुसऱ्या थ्रेडमधल्या स्लॉटला पोचवायचा असला की क्यूट तो असाच रांगेत ठेवतं. एकाच थ्रेडमधला असेल तर मात्र ट्रेबिरे काही नाही, स्लॉट तिथल्या तिथं चालतो.

आणि टेस्ट? टेस्टसुद्धा अण्णांच्याच खुर्चीत बसलेली असते. वेगळी खुर्ची तिला नाही. 'तीस सेकंद झोप' म्हटलं की झोपतात ते अण्णा. पोऱ्या आपला येतो, चिठ्ठी टाकतो, जातो. तीस सेकंदांनी अण्णा उठतात, आणि ट्रेकडं बघायच्या आतच टेस्ट विचारते, फळ्यावर आकडा आहे का? नाही. चिठ्ठी अठ्ठावीस सेकंद समोर पडून आहे, पण उचलायला कुणाला जागं ठेवलंय? झोप वाढवून काही होत नाही ते यामुळं. ज्याच्यासाठी थांबलो त्यालाच आपण झोपवून ठेवलेलं असतं. बटण दाबल्यावर प्रोग्राम हँग होऊन खिडकी पांढरी पडते ना, तिथंही बऱ्याचदा हेच झालेलं असतं. मुख्य थ्रेड कुठंतरी अडकून बसलेला असतो आणि ट्रे भरत राहतो.

यावर उपाय म्हणून झोपेचा दुसरा प्रकार सापडतो. क्यूटच्या टेस्ट-सामानात 'क्यूवेट' आहे. तेही तेवढाच वेळ थांबतं, पण थांबताना ट्रेमधल्या चिठ्ठ्या उचलत राहतं. अण्णा झोपत नाहीत, नुसतं नवीन काम मागत नाहीत. मी स्लीप काढून हे लावलं, तीन सेकंदांचं, आणि टेस्ट हिरवी झाली. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याभरात बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, टेस्ट अधूनमधून लाल यायला लागल्या. माझ्या लॅपटॉपवर हिरव्या. त्या सर्व्हरवर एकाच वेळी तीन प्रोजेक्टचं काम चाललेलं असायचं, त्यामुळं तिथले दोन सेकंद कधी साडेतीन व्हायचे. मी तीनाचे पाच केले. मग हिशेब केला: अशा चाळीस टेस्ट, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे दोनशे सेकंद नुसतं बसून राहायचं, तेही वजन बऱ्याचदा दोन सेकंदांत आलेलं असताना. आणि इतकं करूनही एखाद्या दिवशी सर्व्हर सहा सेकंद लावायचाच. अशी टेस्ट वेळापरी वेळ घेते आणि विश्वासही घालवते. ऑफिसातली पोरं लाल दिसलं की न बघताच 'परत चालव' म्हणायला लागली होती. खरी चूक आली असती तरी तीही परत चालवूनच बघितली असती.

तेव्हा कुठं अण्णांचं वाक्य आठवलं. मी किती वेळ थांबू हे ठरवत होतो, कशासाठी थांबायचं ते ठरवतच नव्हतो.

पायथॉनमध्ये क्यूटच्या टेस्टसाठी पायटेस्ट-क्यूटी नावाचं जोडसामान आहे. त्यातलं 'वेटसिग्नल' हेच करतं: अमुक सिग्नल येईपर्यंत थांब, आला की तत्काळ पुढं जा, फार तर इतका वेळ. आपल्या शब्दांत लिहिलं तर टेस्ट अशी दिसते:

कान लाव ('वजन स्थिर', मर्यादा ५००० मिलिसेकंद):
    दाब ('वजन घ्या')
तपास (वजन = २४,३६०)

तीन ओळी, पण दुसरी ओळ आत सरकवलेली आहे ते बघा. ती सजावट नव्हे. कान आधी लागतो, बटण नंतर दाबलं जातं, आणि थांबणं होतं ते आतली ओळ संपल्यावर. सिग्नल दोन सेकंदांत आला तर टेस्ट दोन सेकंदांत पुढं. आलाच नाही तर पाच सेकंदांनी टेस्ट मोडते आणि वेळ संपल्याची चूक दाखवते. ही मर्यादा वाढवायला लोक उगाच घाबरतात. ती वीस सेकंद ठेवली म्हणून हिरवी टेस्ट हळू होत नाही, फक्त लाल टेस्ट लाल व्हायला जास्त वेळ घेते. काही न सांगता सोडलं तर पायटेस्ट-क्यूटी ५ सेकंदच धरतं. क्यूट सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतूनही वापरतात, तिथं याच कामाचा क्यूसिग्नलस्पाय आहे, त्याच्या वेटचीही न सांगितलेली मर्यादा ५ सेकंदच.

आता क्रम. मी आधी बटण दाबून मग कान लावायचो, कारण मराठीत सांगताना आपण तसंच सांगतो: बटण दाबलं, मग वाट बघितली. खऱ्या काट्यावर ते चालायचंही, कारण तिथं दोन सेकंद हातात असतात. टेस्टसाठी खोटा काटा, म्हणजे काट्याऐवजी आकडे देणारा प्रोग्राम, बनवला तेव्हा मात्र उलटंच झालं. खोटा काटा तिथल्या तिथं उत्तर द्यायचा. बटण दाबलं, सिग्नल येऊन गेलासुद्धा, मग आम्ही कान लावून बसलो. खानापूरची बस निघून गेल्यावर बसस्टँडवर येऊन उभं राहायचं, तसं. सिग्नल मागं उरत नाही, तो होऊन जातो. पडद्यावरचा आकडा उरतो, सिग्नल नाही. म्हणजे आमचा प्रोग्राम वेगवान झाला म्हणून टेस्ट फेल व्हायला लागली, आणि ते समजायला मला एक अख्खी दुपार लागली.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी इथं आणखी एक खड्डा आहे. क्यूसिग्नलस्पाय बनवला तेव्हापासून तो आलेले सिग्नल मोजत राहतो, ते ठीक. पण त्याला वेट म्हटलं की तो त्या क्षणानंतर येणाऱ्या नव्या सिग्नलची वाट बघतो. आधी एक येऊन गेला असेल तर तो धरत नाही, पाच सेकंद थांबतो आणि 'नाही' म्हणतो. म्हणून आधी मोजणी बघायची, शून्य असेल तरच वेट. शिवाय हे वेट आरडाओरडा करत नाही, नुसतं हो किंवा नाही परत देतं. ते उत्तर तपासलं नाही तर सिग्नल न येताही टेस्ट निमूट पुढं जाते. असली हिरवी टेस्ट लालपेक्षा वाईट.

कान कुठल्या सिग्नलला लावायचा, यातही मी एकदा आपटलो. सिरियल केबलवर काही आलं की क्यूटचा सिरियल पोर्ट 'रेडीरीड' देतो. मला वाटलं, हाच आपला सिग्नल, वजन आलं. पण रेडीरीडचा अर्थ 'काहीतरी आलंय' एवढाच. २४३६० ही ओळ एकदम येईल असं वचन त्यात नाही. आधी २४३ आणि मग ६० असंही येतं. एक टेस्ट महिन्यातून एकदा २४३ किलो दाखवून फेल व्हायची. अख्खा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या ऊस, २४३ किलो! टेस्टनं हे पकडलं ते नशीब, पावतीवर छापून आलं असतं तर शेतकऱ्यानं आम्हाला कारखान्याच्या गव्हाणीतच उसाबरोबर टाकलं असतं. चूक प्रोग्रामची होती, पूर्ण ओळ आली का हे न बघताच तो आकडा उचलत होता. आणि टेस्ट अर्धवट सिग्नलला कान लावून होती म्हणून ती कधी पास, कधी फेल. तेव्हापासून तारेवरच्या किंवा फाईलच्या हालचालीला आम्ही कान लावत नाही. प्रोग्राम स्वतः 'झालं' म्हणतो त्या सिग्नलला लावतो. तसा सिग्नल नसेल तर प्रोग्राममध्ये घालतो. टेस्टसाठी म्हणून घातलेला 'पावती जतन झाली' हा सिग्नल पुढं खिडकीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दाखवायला कामाला आला.

काही वेळा सिग्नल पुरत नाही. वजन स्थिर झाल्यावर प्रोग्राम ते डेटाबेसमध्ये टाकतो, तिथून पावतीचा नंबर घेतो, आणि मग छापायचं बटण चालू होतं. तीन पायऱ्या, वेगवेगळ्या हातांनी. पहिल्या सिग्नलवर टेस्ट पुढं गेली तर बटण अजून बंदच असतं. अशा ठिकाणी 'वेटअनटिल' बरं पडतं. त्याला एक प्रश्न द्यायचा, 'बटण चालू आहे का?' थोड्या थोड्या वेळानं ते विचारत राहतं, मधल्या वेळात ट्रेमधल्या चिठ्ठ्या उचलत राहतं, आणि उत्तर हो आलं की थांबतं. कुकरची शिट्टी कानानं ऐकायची असते, कुंद्याचा रंग मात्र अधूनमधून कढईत डोकावूनच बघावा लागतो. कुंद्याला शिट्टी नसते. स्थिती बघण्याचा एक फायदाही आहे: बस निघून जायची भीती राहत नाही, कारण चालू झालेलं बटण चालूच राहतं. तोटा असा की क्षणभर दिसून गेलेली गोष्ट दोन डोकावण्यांच्या मध्ये निसटू शकते. शिट्ट्या किती झाल्या हे कढईत बघून कळत नाही.

डोकावताना काय बघायचं हे मात्र आमच्या भागात जरा जपून. एकानं टेस्ट लिहिली, पडद्यावर 'वजन स्थिर' अशी अक्षरं येईपर्यंत थांब म्हणून. हा प्रोग्राम मराठी आणि कन्नड दोन्हीत चालतो. दुसऱ्या पाळीचे क्लार्क कन्नड लावतात, तिथं वजनाला 'तूक' म्हणतात. बिल्ड सर्व्हरवर भाषा कन्नड लागलेली होती, टेस्ट बिचारी मराठी अक्षरांची वाट बघत मर्यादा संपेपर्यंत बसायची. आकड्यांचंही तेच, २४,३६० देवनागरीत की इंग्रजी अंकांत? आता आम्ही अक्षरं विचारत नाही. मागचा किलोचा आकडा विचारतो, आणि अक्षरांसाठी प्रत्येक भाषेची एकेक वेगळी टेस्ट आहे.

दोन सेकंदांची स्थिरताही आम्ही प्रोग्राममधून बाहेर काढली. ती आता सेटिंग आहे: काट्यावर २ सेकंद, टेस्टमध्ये २० मिलिसेकंद. खोटा काटा मागितलेले आकडे मागितलेल्या क्रमानं देतो. नाचणारे, अडकणारे, मध्येच केबल निघाल्यासारखे गप्प होणारे, सगळे. चाळीस टेस्ट आता चहा गाळून होईपर्यंत संपतात. सर्व्हरला मॉनिटर नसतो, तिथं क्यूटला पडद्याविना चालायची सेटिंग द्यावी लागते. आणि टेस्ट संपताना पोऱ्याला घरी पाठवायला विसरू नका: थ्रेड थांबवा, तो थांबला याची वाट बघा, मगच खिडकी मोडा. नाहीतर चालू थ्रेड मोडल्याबद्दल क्यूट ओरडतं आणि पुढच्याच कुठल्यातरी निरपराध टेस्टचा जीव जातो.

हे दुखणं क्यूटपुरतं नाही. वेबवर सेलेनियम हे टेस्टचं साधन वापरणारे झोपा घालून घालून दमले, तिथंही 'अमुक दिसेपर्यंत थांब' असं स्पष्ट सांगायची सोय आहे. प्लेराइट हे तिथलंच दुसरं साधन तर क्लिक करायच्या आधी बटण दिसतंय का, चालू आहे का, हे स्वतःच बघतं. अँड्रॉइडवरच्या एस्प्रेसो या टेस्टच्या साधनाला आपलं मागचं काम कधी संपलं ते कळवायची सोय आहे. नावं वेगळी, अण्णा तेच.

एक जागा मात्र राहते. ट्रॉली हेलकावत असताना 'वजन स्थिर' येता कामा नये, याची टेस्ट. न येणाऱ्याची वाट किती बघायची? मर्यादा संपेपर्यंत आला नाही म्हणजे कधीच येणार नाही असं कुणी सांगावं? शक्य तिथं आम्ही दुसरी खूण शोधली. खोटा काटा नाचणारे सगळे आकडे देऊन झाला की 'संपलं' म्हणतो. प्रोग्राम ते आकडे वाचून झाला की तोही सांगतो. त्या दोन्हींपर्यंत थांबायचं आणि मग बघायचं, मध्ये 'स्थिर' आला होता का. हे पक्कं उत्तर आहे. पण केबल निघाल्याच्या टेस्टमध्ये असलं काहीच नसतं. तिथं काटा गप्प, प्रोग्राम गप्प, 'संपलं' म्हणणारं कुणीच नाही. पायटेस्ट-क्यूटीत 'हा सिग्नल येऊ नये' असं सांगून वर थोडा वेळ थांबायची सोय आहे, ती तिथं वापरलीय. आमच्या सगळ्या कोडमध्ये ठरावीक वेळ थांबणारी ओळ तेवढी एकच उरलीय, ३०० मिलिसेकंदांची. तिच्या डोक्यावर दोन ओळींत कारण लिहून ठेवलंय, कारण मागच्या हंगामात नव्या पोरानं ती चुकून राहिली असं समजून काढून टाकली होती.